मान दादाची, धड माझं

फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो, हे सगळ्या जगाला इतकं मान्य आहे की त्याची कोणी चौकशीही करत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोटाळा मी या एका समजुतीच्या भरवशावर केला. तीन वर्षं तो पचला. म्हणजे मला सोडून सगळ्यांना पचला. मी रोज सकाळी बाबांच्या खोलीत चहा घेऊन जायचो आणि तो समोरच्या भिंतीवरून माझ्याकडे बघत असायचा.

आधी या क्षेत्रातली माझी लायकी सांगतो. मी बँकेतला माणूस. चाळिशी उलटल्यावर मला कॅमेऱ्याचं वेड लागलं. जयपुरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला विषयांची कमी नाही. एका रविवारी आमेरच्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर एक साफेवाला म्हातारा बसलेला दिसला. त्याला म्हटलं, "बाबाजी, ज़रा दूर देखिए, और थोड़ा उदास होइए." झाला बिचारा. चांगला वीस मिनिटं उदास राहिला. त्या फोटोला मी 'प्रतीक्षा' असं नाव दिलं. हौशी मंडळींच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं, आणि परीक्षक म्हणाले की या डोळ्यांत मरुभूमीचं एकाकीपण उतरलंय. म्हाताऱ्याला लघवीला जायचं होतं. मी सोडल्यावर तो ज्या वेगाने उठून गेला, तो खरा फोटो होता. पण तेव्हा मी लेन्स पुसत होतो.

तर असा मी कलावंत. आणि माझे वडील आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. लोकांनी नुकसानभरपाईसाठी जोडलेले फोटो बघणं हेच त्यांचं काम. एकदा जळालेल्या गोदामाच्या फोटोत त्यांनी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आग लागली होती चैत्रात, कॅलेंडरचं पान वैशाखाचं. दावा तिथेच झोपला. ही गोष्ट आम्ही दोघा भावांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकली की पुढे आमच्या घरात खोटं बोलण्याआधी सगळे भिंतीकडे बघून घ्यायचे.

आम्ही मूळ अमरावतीकडचे. बदल्या होत होत बाबांची शेवटची नेमणूक जयपूरला झाली आणि प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट घेऊन ते इथेच थांबले. मला इथेच नोकरी लागली. दादा पुण्याला गेला. आई इथेच गेली. ती गेल्यावर दादाने बाबांना पुण्याला न्यायचं ठरवलं. बाबा म्हणाले, नाही. दादाने वर्षभर विनवलं आणि एक दिवस फोनवर त्याचा तोल गेला. तो म्हणाला, "मग मरा तिथेच वाळवंटात!"

बाबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचे फोन स्पीकरवर असतात. त्यामुळे ते वाक्य मी ऐकलं, माझ्या बायकोने ऐकलं, आणि कुकर उघडता उघडता शेजारच्या भाभीजींनीही ऐकलं असावं. मराठी येत नसल्यामुळे त्यांना फक्त आवाज कळला. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि आंघोळीला गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

पुढच्या वर्षी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. एक्क्याऐंशीच्या घरातला माणूस, हजार पौर्णिमा बघितलेला. इथल्या मराठी मंडळींच्या मदतीने तिलक नगरात एक हॉल घेतला, गुरुजी मिळवले, पुरणपोळीला माणूस मिळवला. दादाला मी चार फोन केले. चौथ्या फोनवर तो म्हणाला, "कोणत्या तोंडाने येऊ रे?" आणि आला नाही.

त्या दिवशी बाबांना फारसं काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, त्यात होमाचा धूर, त्यात सकाळपासूनचा उपास. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं तेव्हा त्यांना म्हणे एकच मोठा दिवा दिसला. लोक एकामागून एक पाया पडत होते आणि ते डोक्यांवर हात ठेवत होते. मधेच त्यांनी मला हळूच विचारलं, "मोठा आला का रे?"

मी म्हणालो, "येतोय."

हे 'येतोय' मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. दमलो होतो. गुरुजींना आणखी तूप हवं होतं, आचारी हिंगासाठी माझ्यामागे हिंडत होता, आणि 'नाही' म्हटलं असतं तर पाटावरून उठून ते आडवे झाले असते अशी मला भीती वाटली. येतोय म्हणणं सोपं होतं. जयपुरात कोणालाही विचारा, कुठे आहात, तर तो घरात बनियनवर बसून 'बस, आ रहा हूँ' म्हणतो. तसंच.

मग ग्रुप फोटो. कॅमेरा स्टँडवर लावला, दहा सेकंदांचा टाइमर दिला आणि धावलो. बाबांना पाटावरून उठवून उभं केलं होतं, त्यांचा झोक जात होता. मी त्यांच्या डावीकडे पोचून कोपर घट्ट धरलं, तेवढ्यात फोटो निघाला. पन्नास-साठ माणसं झकास आली. मी मात्र मानेपासून वर पुसट. डोक्याच्या जागी एक घाई होती, बाकी काही नाही.

पंधरा दिवसांनी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने दुसऱ्याचं. पट्टी निघाल्यावर बाबांनी पहिली मागणी केली ती फोटोची. "आता बघू दे, कोण कोण आलं होतं."

मी म्हणालो, "प्रिंट काढून आणतो." आणि फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आमच्या सेक्टरच्या बाजारातल्या स्टुडिओत गेलो. तिथला भैया पासपोर्ट फोटोवर कोट-टाय चढवून देण्यात वाकबगार आहे. अर्ध्या प्रताप नगराने त्याच्याकडचा एकच निळा कोट घातलाय.

तो माझ्या पुसट डोक्याकडे बघून म्हणाला, "साब, आपका तो चेहरा ही नहीं है. कोई और फोटो से लगा दूँ?"

इथे थांबायला हवं होतं. 'हो, माझाच दुसरा चेहरा लाव' म्हणून घरी यायला हवं होतं. पण पेनड्राइव्हमध्ये चुलतभावाच्या लग्नातला दादा होता. सुरेख हसणारा. आणि भिंतीवर लावायच्या फोटोत माझ्या चेहऱ्याचं तसं कोणाला काही पडलं नव्हतं. मी तर घरात होतोच.

"ये वाला लगा दो," मी म्हणालो.

"मतलब मुंडी इनकी, धड़ आपका?"

"हाँ."

वीस मिनिटांत दादाची मान माझ्या खांद्यांवर बसली. वर त्यानेच माझी समजूत काढली, "टेंशन मत लो साब. हर घर में एक तो ऐसा फोटो होता ही है."

बाबांनी फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मी भिंतीला टेकून शिक्षेची वाट बघत होतो. ज्या माणसाने कॅलेंडर पकडलं, तो ही जोडलेली मान पकडणार नाही? मला खरंच वाटत होतं की ते दोन मिनिटांत पकडतील, मला झापतील आणि विषय संपेल.

ते म्हणाले, "आला होता म्हणजे."

आणि मग, "अंगाने भरलाय जरा."

बायको दारात उभी होती. तिने एकदा फोटोतल्या पोटाकडे बघितलं, एकदा माझ्या पोटाकडे, आणि पोळ्या करायला निघून गेली.

त्यानंतर त्या दिवसाची आठवण बाबांच्या मनात भराभर वाढत गेली. आधी 'आला होता' एवढंच होतं. मग 'बोलला नाही, पण आला होता.' मग कोणीही भेटायला आलं की फोटोकडे बोट दाखवून, "धुरात दिसत नव्हतं मला. पण कोपराला हात लागला आणि मी ओळखलं. मोठ्याचा हात. धाकट्याला असं धरता येत नाही."

धाकटा तेव्हा पाण्याचा ट्रे घेऊन उभा असायचा. रोज आंघोळीला, डॉक्टरकडे, जिन्यावरून खाली आणि जिन्यावरून वर तेच कोपर धरणारा. सांगणार तरी काय? ज्याचा हात, त्याचं डोकं मी स्वतःच कापून टाकलं होतं.

वाईट असं काही घडत नव्हतं, हीच पंचाईत होती. उलट बाबांनी त्या दिवाळीला आपणहून दादाला फोन केला. "कसा आहेस? बरं. मुलं? बरं. ठेवतो." एवढंच, पण दरवर्षी. मला वाटलं, जमलं की! आपण कलावंत आहोतच, आता समाजसेवकही झालो.

तिकडे पुण्यात त्या फोनने दादाची झोप उडाली होती. आपण बापाला मर म्हणालो, त्याच्या सोहळ्याला गेलो नाही, आणि तो मात्र चकार शब्द न काढता मुलांची चौकशी करतो. तीन दिवाळ्या त्याने हा मोठेपणा सोसला आणि यंदा भाऊबीज झाल्यावर आठ दिवसांची रजा काढून तो जयपुरात येऊन धडकला. दुर्गापुऱ्याला उतरला. मी घ्यायला गेलो तर स्टेशनवरच म्हणाला, "मी पाय धरायला आलोय रे. ते वाक्य घेऊन मला म्हातारा व्हायचं नाही."

त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी गाडी चालवत होतो, टोंक रोडवर जाम होता, आणि घरी पोचेपर्यंत काहीतरी होईल असं मला नेहमीच वाटतं.

घरी पोचलो. दादा सरळ बाबांच्या खोलीत गेला आणि पलंगाशी खाली बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे कटकट वाजले.

"बाबा, मला माफ करा."

"कशाबद्दल?"

"मी जे बोललो फोनवर. आणि तुमच्या सहस्रचंद्राला मी..."

"अरे, ते तर तेव्हाच संपलं," बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू आलास, तेव्हाच मी सोडून दिलं. जाऊ दे. दाढी का केली नाहीस?"

दादाने मान वर केली. बाबांचं बोट भिंतीकडे होतं. दादा उठला, फोटोजवळ गेला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "जरा गॅलरीत ये."

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे आम्ही दोघं उभे राहिलो.

"हे काय आहे?"

"फोटो आहे."

"गाढवा, मी इतका जाडा कधी होतो?"

मी सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही, कठड्याला धरून उभा राहिला. "म्हणजे तीन वर्षं त्यांनी मला माफ केलेलंच नाही," तो म्हणाला. "त्यांनी तुझ्या धडाला माफ केलंय."

"परिणाम तोच ना?"

"तोच नाही रे! मी आलो नव्हतो, हे त्यांना माहीत व्हायला हवं. मग काय करायचं ते करू देत. हाकलू देत मला. तू सांगणार की मी?"

"मी सांगतो," मी म्हणालो, आणि पुढचे दोन दिवस सांगितलं नाही. पहिल्या दिवशी बाबांचं पोट बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी बिघडलं नव्हतं, पण बिघडेल असं मला वाटत होतं. दादा ताटावर बसायचा, दोन घास खायचा आणि उठायचा. बाबा त्याला लाडाने म्हणायचे, "खा रे, तेव्हा कसा भरला होतास!" आणि तो हात धुवायला जायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोने बाबांचा चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, आज हा कप सांगितल्याशिवाय परत आणू नका."

दादा पलंगाशी खुर्चीत बसला होता. मी कप ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "बाबा, फोटो खोटा आहे. दादा आला नव्हता. मी स्टुडिओत जाऊन त्याचं डोकं लावून आणलं."

बाबा हसले. "काहीतरीच. समोर टांगलाय की फोटो."

"तेच सांगतोय."

"आणि मला धरलं ते?"

"मी धरलं होतं."

"मला माहीत नाही होय कोणाचा हात?"

मग मी फोटो भिंतीवरून काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि औषधांच्या डब्यातलं भिंग त्यांच्या हातात दिलं. फोटोतल्या कोपरावरच्या हातात पुष्कराजाची अंगठी होती. एका ज्योतिष्याने बढतीसाठी सांगितलेली, जौहरी बाजारातून घेतलेली. बढती झाली नाही आणि पुढे कळलं की खडाही काचेचा आहे. तरी मी ती घालत होतो, कारण आता ती निघत नाही. मी तो हात भिंगाशेजारी धरला.

बाबांनी फोटोतली अंगठी बघितली. माझी बघितली. मग भिंग वर सरकलं, दादाच्या चेहऱ्यावर थांबलं. ते स्वतःशीच पुटपुटले, "नाकाची सावली उजवीकडे. बाकी सगळ्यांची डावीकडे." त्यांच्या आवाजात क्षणभर जुन्या कचेरीतली धार आली. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तू आला नव्हतास?" त्यांनी दादाला विचारलं.

"नाही, बाबा."

बाबा कचेरीतली शुद्ध मराठी बोलतात. पण राग खरोखरीचा असला की ते वऱ्हाडात पोचतात. आई गेल्यापासून मी ती भाषा त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"काऊन बे? बाप मेला असं समजून बसला होता तू? तू म्हणाला ना मर, म्हणून? मी त्या धुरात तुझी वाट पाहून राह्यलो होतो! एकेकाच्या डोक्यावर हात ठेवू ठेवू पाहत होतो, का हे डोस्कं मोठ्याचं हाय का म्हणून! अन् तू पुण्यात बसून काय करून राह्यला होता?"

"घरीच होतो, बाबा. दिवसभर पडून होतो."

"पडून होता! अन् हा," बोट माझ्याकडे वळलं, "हा बापाले फोटो दाखवते! मले! मी जिंदगीभर लोकायचे फोटो पकडले अन् घरचाच चोर तीन वर्सं भिंतीवर टांगला!"

अर्धा तास चाललं. भाभीजी दारातून डोकावून "सब ठीक है ना, भैया?" म्हणून गेल्या. शेवटी बाबांना धाप लागली. मी पाणी पुढे केलं, त्यांनी माझ्या हातचं घेतलं नाही. दादाच्या हातचंही घेतलं नाही. बायकोने दिलं तेव्हा प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

गॅलरीत दादा चादरींच्या मागे रडत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "बोलले रे मला. चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले."

पुढचे चार दिवस बाबा आम्हा दोघांशी बोलले नाहीत. दादाच्या संदर्भात जे काही म्हणायचं ते माझ्या बायकोला म्हणायचे, "त्याला विचार, परतीचं तिकीट कधीचं आहे." दादा दोन हातांवरच्या खुर्चीत बसून बायकोला सांगायचा, "त्यांना सांग, रजा वाढवली." ती बिचारी भाजी निवडत इकडची वाक्यं तिकडे नेत होती. मी ऑफिसला जात होतो, येत होतो, आणि आल्यावर कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर घरात कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा होते, हे मी आधी कुठे वाचलं नव्हतं. फोटो कपाटावर पालथा पडला होता. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या उद्योगाला लागलो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. आता ते फोनवर होतं. म्हाताऱ्याचा चेहरा पडद्यावरच्या गोलात धरायचा, फोन म्हणेल तेव्हा त्याने डोळे मिचकावायचे, आणि मग हयातीचा दाखला निघतो. दरवर्षी हे काम माझं. मी उशी नीट केली, खिडकी उघडली आणि फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

बाबांनी तोंड फिरवलं.

"बाबा, दाखला आहे. महिना संपेल."

दाराकडे बघून, चार दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी सरळ दादाला हाक मारली.

"मोठ्या! इकडे ये. फोन तू धर. याच्या हातचा फोटो नको मला."

दादा चहाचा कप तसाच ठेवून आला. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याला ते काही येत नव्हतं. गोल एकदा बाबांच्या टकलावर, एकदा कानावर, आणि फोन सारखा सांगत होता, हलू नका, हलू नका.

"धड धर," बाबा म्हणाले.

"धरतोय, बाबा."

"अजून जवळ ये. तिथून काय दिसतंय तुला?"

दादा पलंगावर त्यांच्या अगदी शेजारी बसला. मी दारात उभा होतो. दोनदा फोनने नाही म्हटलं, तिसऱ्यांदाही नाही. मला तिथून नीट दिसत होतं की उजेड आता बाबांच्या मागून येतोय आणि पडदा ओढल्याशिवाय हे होणार नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं. बाबा डोळे मिचकावत होते, पुन्हा मिचकावत होते, आणि दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती.